रेफरन्स लिस्ट सबमिट करायच्या आधी

ठाणे, शनिवार

अगं,

तुझं मॅन्युस्क्रिप्ट पूर्ण वाचलं. खाडीच्या गाळातल्या जड धातूंचं काम चांगलं झालंय, टेबलं स्वच्छ आहेत, चर्चेच्या भागाबद्दल वेगळं लिहीन. आज फक्त रेफरन्सेस, कारण ती लिस्ट घाईत झालीय हे पहिल्याच पानावर कळतं, आणि रिव्ह्यूअरलाही ते तितक्याच लवकर कळणार.

तू विचारलंयस की स्वल्पविराम कुठे, इटॅलिक कुठे, वर्ष कंसात की शेवटी. ते सगळं सॉफ्टवेअर करतं गं. सॉफ्टवेअरला जे करता येत नाही ते म्हणजे तू दिलेल्या पेपरात तू म्हणतेयस ते खरंच लिहिलंय का हे बघणं, आणि माझी सगळी काळजी तिथेच आहे. इंट्रोडक्शनमधलं तुझंच वाक्य बघ, ठाणे खाडी 2022 साली रामसार यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली, आणि पुढे रेफरन्स 2016 च्या पेपरचा. 2016 च्या पेपरात ते कसं असेल? तेव्हा फक्त फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालेलं होतं, 2015 ला. झालंय असं की तू अभयारण्याचं वाक्य नंतर बदललंस आणि सायटेशन जुनंच चिकटून राहिलं. म्हणून प्रत्येक सायटेशनवर बोट ठेवून तो पेपर उघडायचा, ते वाक्य किंवा तो आकडा डोळ्यांनी बघायचा, मगच पुढे. कंटाळवाणं काम आहे, दोन संध्याकाळी जातील, पण याला शॉर्टकट नाही आणि मी तुला तो सुचवणारही नाही.

दुसरं, गॅझेटियर. खाडीतल्या जुन्या मिठागरांबद्दल तू 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरचा हवाला दिलायस पण मजकुरावरून कळतंय की तू तो दुसऱ्या कुणाच्या पेपरातून उचललायस. मूळ खंड बघितला नसेल तर एपीएमधे, म्हणजे मजकुरात लेखक आणि वर्ष देणाऱ्या एका प्रचलित स्टाईलमधे, तसं स्पष्ट लिहायची सोय आहे, मजकुरात मूळ ग्रंथाचं नाव घेऊन 'अमक्याच्या पेपरात उद्धृत' म्हणायचं आणि लिस्टमधे फक्त तू वाचलेला पेपर द्यायचा. पण इथे मूळच बघ ना. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा तेरावा खंड, दोन भागांत आहे, इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन मिळतो, आणि कागदावरच बघायचा असेल तर ठाणे स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन विचार, 1893 पासूनचं ग्रंथालय आहे ते. कुठला भाग आणि कुठलं पान ते लिही. नुसतं 'ठाणे गॅझेटियर' लिहिणं म्हणजे पाहुण्याला घराचा पत्ता म्हणून 'घोडबंदर रोड' एवढंच सांगण्यासारखं आहे. आणि मुखपृष्ठावर 'ठाणा' छापलंय तर लिस्टमधे 'ठाणा'च, आपण सुधारायचं नाही.

आता फॉरमॅट. तुझं जर्नल लेखक-वर्ष पद्धतीचं आहे आणि तुझ्या निम्म्या मजकुरात चौकोनी कंसातले नंबर आहेत, थीसिसमधून कॉपी केल्यामुळे असणार. हाताने बदलायला बसू नकोस. झोटेरो टाक, रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, वर्डमधे त्याचं प्लगइन येतं, डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, टाकला की बाकीची माहिती स्वतः ओढून आणतं. हे जर्नल नाही म्हणालं आणि नंबरवाल्या जर्नलकडे पाठवायचं झालं तर स्टाईल बदलायला एक क्लिक, नाहीतर मधे एक पॅरा घातला की पुढचे सगळे नंबर हाताने सरकवत बसायचं.

पण झोटेरोने आणलेल्या माहितीवर डोळे झाकून विश्वास नको. शीर्षकात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल येतं कधीकधी, ते लायब्ररीतच वाक्यासारखं करून ठेव, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामं सोडून बाकी लहान, कारण लहानाचं मोठं सॉफ्टवेअर करू शकतं, उलटं त्याला नीट जमत नाही. अविसेनिया मरीना सारखी शास्त्रीय नावं शीर्षकात असतील तर तिथे इटॅलिकचा टॅग हाताने घालावा लागतो. आपल्याकडची नावं तर हमखास उलटीपालटी होतात, वडिलांचं नाव आडनावाच्या खान्यात जाऊन बसतं आणि त्या बिचाऱ्या लेखकाचं काम शोधून सापडत नाही. पीडीएफ उघडून नाव तपास, लोकांचं श्रेय आहे ते. वर्षही बघ, ऑनलाइन आधी आलेला पेपर अंकात पुढच्या वर्षी येतो, अंकाचं वर्ष घे. नव्या जर्नल्समधे पान नंबरऐवजी आर्टिकल नंबर असतो, तुझ्याकडे पाच ठिकाणी तो खाना रिकामाच आहे.

लेखकांची संख्या हा प्रत्येक स्टाईलचा वेगळा हट्ट. एपीएच्या सातव्या आवृत्तीत लिस्टमधे वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची, मजकुरात मात्र तीन किंवा जास्त असले की पहिल्याच वेळेपासून एकाचं नाव आणि एट अल, म्हणजे 'आणि इतर'. व्हँकुव्हर ही नंबरवाली स्टाईल वापरणारी मेडिकल जर्नल्स बऱ्याचदा सहा नावांनंतर एट अल करतात. हे पाठ करायचं नाहीये, जर्नलचं गाईड फॉर ऑथर्स आणि त्याच जर्नलचा यावर्षीचा एक छापील पेपर शेजारी उघडा ठेवायचा. काही जर्नल्स पहिल्या सबमिशनला कुठलीही स्टाईल चालवून घेतात, फक्त सगळीकडे एकसारखी हवी.

दिवा कोळीवाड्यातल्या मच्छीमारांच्या मुलाखती तू लिस्टमधे टाकल्यायस, त्या काढ. तो तुझा स्वतःचा डेटा आहे, तो मेथड्समधे सांगायचा. अधिकाऱ्यांशी जे फोनवर बोललीस ते मात्र व्यक्तिगत संवाद, एपीएमधे मजकुरात नाव आणि तारीख, लिस्टमधे काही नाही, आणि त्यांची लेखी परवानगी घेऊन ठेव, जर्नल मागू शकतं. सरकारी वेबसाइटच्या लिंका वर्षभरात मरतात तर वेबॅक मशीनवर, म्हणजे वेब पानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या साइटवर, पान सेव्ह करून ती लिंक आणि बघितल्याची तारीख दे.

एक रेफरन्स मला कुठेच सापडला नाही. डीओआय उघडत नाही, जर्नल आहे पण त्या खंडात असा पेपर नाही. चॅटबॉटकडून घेतला असशील तर आत्ताच सांग, मी रागावणार नाही, पण तो आजच काढ आणि त्यावर उभं असलेलं वाक्यही. 2023 ला न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखल केले आणि 5000 डॉलर दंड झाला. आपल्या क्षेत्रात दंड नाही होणार, पण तुझ्या खऱ्या, उन्हात चिखलात उभं राहून काढलेल्या आकड्यांवर लोक शंका घेतील आणि ते मला अजिबात सहन होणार नाही. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेच्या सिंपल टेक्स्ट क्वेरीत सगळी लिस्ट पेस्ट कर, कुठल्या रेफरन्सला डीओआय मिळत नाही ते कळेल. मिळाला नाही म्हणजे खोटाच असं नाही, जुन्या पुस्तकांना नसतो, पण तेवढे हाताने तपासायचे. मागे घेतलेले पेपर्स झोटेरो लाल पट्टीने दाखवतं, तेही बघून घे.

शेवटी मजकुरातलं प्रत्येक नाव लिस्टमधे आणि लिस्टमधलं प्रत्येक मजकुरात आहे ना ते बघ, आत्ता तीन अनाथ आहेत. फायनल फाइल देताना सायटेशन झोटेरोशी जोडणारे प्लगइनचे कोड काढून साधा मजकूर कर, पण कोडवाली कॉपी वेगळी ठेव, रिव्हिजनला तीच लागणार.

पुढच्या रविवारी वाशीला येतेयस तर लॅपटॉप आण, झोटेरोची लायब्ररी त्याआधी माझ्याशी शेअर कर, आणि त्या न सापडलेल्या रेफरन्सचं काय ते आज रात्रीच कळव.

तुझी
ताई