कॉलेजचं नेटवर्क नव्याने हाती आलंय? आधी एवढं करा

नव्या फायरवॉलची खरेदी थांबू द्या. आधी यादी करा: कोणता सर्व्हर, स्विच, प्रिंटर कुठे आहे आणि कोण सांभाळतं. इंटरनेटवरून ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून मशीन चालवण्याचा मार्ग) उघडा दिसला तर लगेच बंद करा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, अनेकदा रिमोट डेस्कटॉपमधूनच शिरतं.

- ईमेल आणि ॲडमिन खात्यांना दुहेरी पडताळणी.
- लॅब, ऑफिस, पाहुण्यांचं वायफाय यांना वेगळे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी वेगळे भाग). नुसते व्हीलॅन पाडून भागत नाही, त्यांच्यामधली वाहतूक अडवणारे नियमही लागतात. नवखे नेमकं हेच विसरतात.
- बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली. दरमहा त्यातून एखादं फोल्डर परत आणून बघा.

सगळ्या लॅबला एकच लोकल ॲडमिन पासवर्ड नको; एक मशीन फुटलं की बाकीचीही गेलीच. लॉगच्या (मशीननी ठेवलेल्या नोंदींच्या) विश्लेषणाची महागडी साधनं? ती पुढच्या वर्षी.