बाजेवरून संडासाचं दार दिसलं पाहिजे, बाकी नंतर

ताई, तुमच्या आईच्या अल्झायमरची, म्हणजे विसरण्याच्या आजाराची, पोस्ट वाचली अन आमच्या बाबांचेच दिवस आठवले. आई जुन्या मातीच्या घरात अंधारातही बरोबर फिरायची, आता त्याच जागेवर स्लॅबचं घर झालं तर रात्री संडास शोधत शेजाऱ्याच्या गोठ्यात जाते, म्हणून बाहेरून कडी लावू का असं विचारता. कडी नका लावू. डॉक्टर-गोळ्या तुमचं झालंच असेल, त्यात मी पडत नाही, अन मी काही इंजिनियर नाही, घरात भोगलं तेवढंच सांगतो.

म्हातारी हट्टी झाली म्हणणारे म्हणू द्या. अल्झायमरमध्ये नवीन वाट लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, तोच आधी खराब होतो. जुनं घर पायात बसलेलं असतं, नवीन घर रोज नवीनच. त्यामुळे समजावून काही होत नाही, डोळ्याला जे दिसेल तेवढंच त्यांच्यासाठी आहे.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक ऑफिस, नाव घेत नाही. 12,000 च्या अनुदानाचा संडास, अन साहेब म्हणे दार रस्त्याकडून पाहिजे, फोटोत आलं पाहिजे. मी म्हटलं बाबा मागच्या छपरीत झोपतात, आजारी आहेत, दार तिकडून दिसू द्या. तर म्हणे तसं नियमात नाही. कोणता नियम, दाखवा म्हटलं तर साहेब मीटिंगले निघून गेले! झालं, दार रस्त्याकडेच. बाबा रात्री उठायचे, समोर नुसती कोरी भिंत, मग जुन्या सवयीनं सांदवाडीकडे, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेकडे, वळायचे, तिथं आता काटेरी तार, पोटऱ्या फाडून घ्यायचे. शेवटी पदरच्या पैशानं भिंत फोडून छपरीकडून दार काढलं, पांढऱ्या भिंतीत चौकट शेंदरी रंगवली, रात्रभर दार उघडं अन आत चार्जिंगचा बल्ब, कारण लाइट कधी जाईल नेम नाही. त्यानंतर बहुतेक रात्री बरोबर जात.

कमोड बसवत असाल तर दोनदा विचार करा, जन्मभर उकिडवं बसलेल्या माणसाला ते काय आहे हेच ओळखू येत नाही. गुडघे चालत नसतील तर मात्र पर्याय नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडंही दिसत नाही, खाली गडद फरशी टाका. दारातलं काळं पायपुसणं उचला, त्यांना तो खड्डा वाटतो. आरशात कोणी परकं दिसतं म्हणून घाबरत असतील तर आरसा झाकून टाका.

अन मोकळं फिरणं बंद करू नका. नेदरलँडमध्ये वेस्पला होगेवेक म्हणून अशा लोकांसाठी अख्खी वस्तीच आहे, 2009 पासून, आत रस्ते, दुकान, बाग, अन बाहेर पडायला दार एकच. आपल्याकडे ते कुठून येणार, पण आंगणाला कुंपण घालून आत गोल वाट ठेवणं काही अवघड नाही, माझ्या मते तरी.

टाइल्सवाल्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर मॅट सांगा, चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते अन पाय टाकत नाहीत. तो तेच गळ्यात मारेल, ऐकू नका.