‘पेड फेलोशिप’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकांना तेथील मराठी मंडळाच्या अंकासाठी एका सूचनेचा अनुवाद करायचा आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या ‘फायनॅन्शियल वेलबीइंग’साठी धोरणविषयक काम करण्याची एक वर्षाची ‘पेड पॉलिसी फेलोशिप’, हा त्या सूचनेचा विषय. संगणकाने त्यांना ‘अपंगांच्या आर्थिक कल्याणासाठी सशुल्क पॉलिसी शिष्यवृत्ती’ असा मथळा करून दिला आहे. तो कानाला खटकतो, पण नेमका कोठे खटकतो ते सांगता येत नाही, असे ते लिहितात.

खटकणे रास्तच आहे, कारण त्या मथळ्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द थोडाथोडा सरकलेला आहे. ‘सशुल्क’ तर पूर्ण उलटा बसला आहे. सशुल्क वाहनतळ म्हणजे जेथे गाडी लावण्याचे पैसे आपण मोजतो तो वाहनतळ. सशुल्क दर्शन, सशुल्क प्रसाधनगृह, सशुल्क शिबिर, कोठेही पाहिले तरी खिशात हात घालतो तो येणारा माणूस. त्यामुळे ‘सशुल्क शिष्यवृत्ती’ वाचून, ही मिळवायला किती भरावे लागतात, असा प्रश्न वाचकाला पडला तर दोष त्याचा नाही. इंग्रजी ‘पेड’ या शब्दात पैसे कोणी कोणाला दिले हे संदर्भावर सोडलेले असते. मराठीला ते सोडून चालत नाही.

मग ‘पेड’साठी काय घ्यावे? आपल्याकडे कामाच्या मोबदल्याला नावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची पायरी ठरलेली आहे. पगार किंवा वेतन हे नोकराचे, मजुरी रोजाची, विद्यावेतन शिकाऊ माणसाचे, आणि मानधन अशा व्यक्तीचे की जिचे काम मोलाने मोजायचे नाही असे निदान वरवर तरी मानले जाते. ‘मानधन’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. व्याख्यात्याच्या हाती श्रीफळाबरोबर दिलेले पाकीट हे मानधन, आणि अंगणवाडी सेविकेला महिनाभराच्या कामाबद्दल मिळते तेही मानधनच. म्हणूनच ‘आम्हाला मानधन नको, वेतन द्या’ ही सेविकांची जुनी मागणी आहे. शब्द मानाचा असला तरी हक्क वेतनालाच चिकटलेले असतात. ‘विद्यावेतन’ निवासी डॉक्टरांच्या बातम्यांमुळे सर्वांच्या ओळखीचे आहे, पण त्यात शिकण्याचा भाग पुढे येतो आणि कामाचा मागे पडतो.

हा भेद येथे नुसता शैलीचा नाही. अमेरिकेत उत्पन्न व मालमत्ता बेताची असलेल्या अपंग व्यक्तींना ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ नावाचा मासिक भत्ता मिळतो. या योजनेत हाती येणारा पैसा कोणत्या नावाने आला याला फार महत्त्व आहे. शिक्षणशुल्क आणि शिक्षणाचा आवश्यक खर्च यांसाठी वापरलेली शिष्यवृत्ती उत्पन्नात धरत नाहीत. वेतन मात्र धरतात, आणि महिन्याचे पहिले ६५ डॉलर, तसेच दुसरे काही उत्पन्न नसल्यास आणखी २० डॉलर वगळून उरलेल्या वेतनाच्या निम्म्याइतका भत्ता कमी करतात. म्हणजे ज्या भत्तेदाराला ही संधी घ्यायची असेल, त्याने अर्ज करण्यापूर्वी करायचा हिशेबच ‘वेतन की वृत्ती’ या शब्दावर अवलंबून आहे. म्हणून आधी मूळ सूचना देणाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी. नेमणूक पगारावर असेल तर ‘सवेतन’ लिहावे; ‘सवेतन रजा’मुळे तो शब्द सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. ठोक रक्कम हप्त्याहप्त्याने देणार असतील तर ‘मानधनासह’ म्हणावे.

‘फेलोशिप’ला शिष्यवृत्ती म्हणू नये, हे येथवर आपोआप स्पष्ट झालेच आहे. सरकारी मराठीत ‘अधिछात्रवृत्ती’ हा शब्द चांगला रुळला आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना पाठ असतात. तथापि त्यातला छात्र हा विद्यार्थीच आहे. विद्यापीठाबाहेर, शासनात किंवा संस्थेत बसून काम करण्याच्या नेमणुकीला महाराष्ट्र शासनानेही २०१५ पासून ‘मुख्यमंत्री फेलोशिप’ असेच म्हटले आहे, आणि मला ते योग्य वाटते.

हा शब्द आपल्याकडे नवाही नाही. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिचा निधी इंग्रजी अमलात शिक्षणाकडे वळवला गेला आणि त्यातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. ‘दक्षिणा’ आणि ‘फेलो’ यांची ही जोडी आजच्या ‘मानधन की वेतन’ या वादाची पणजी शोभावी. विषय पैशाचा आहे म्हणून एक गंमत सांगतो. ‘फेलो’ हा मुळात स्कँडिनेव्हियातून इंग्रजीत आलेला शब्द. त्याच्या पहिल्या घटकाचा अर्थ गुरेढोरे आणि त्यावरून संपत्ती असा आहे, आणि दुसऱ्याचा ठेवणे असा. तेव्हा सामाईक धंद्यात आपला पैसा घालणारा भागीदार तो फेलो. गोधन, पशुधन म्हणणाऱ्यांना गुरांवरून संपत्तीकडे जाणारी ही वाट परकी वाटू नये.

‘पॉलिसी’ मात्र अजिबात ठेवू नये. मराठी घरात पॉलिसी एकच, ती विम्याची. ती काढतात, भरतात आणि ती पिकते. शेजारच्या काकूंना मी हा मथळा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हप्ता किती, हा. ‘आर्थिक’ आणि ‘सशुल्क’ यांच्या मध्ये तो शब्द सापडल्यावर दुसरे होणार तरी काय? ‘धोरण’ हा शब्द सोपा आहे आणि तोच पुरेसा आहे.

आता ‘वेलबीइंग’. कल्याण हा शब्द वाईट नाही, परंतु समाजकल्याण, महिला व बालकल्याण, दिव्यांग कल्याण अशा खात्यांच्या पाट्यांनी त्याला एक दिशा लावून दिली आहे: कल्याण करणारा एक असतो आणि ज्याचे होते तो दुसरा. येथील मुद्दा याच्या उलट आहे. वर सांगितलेल्या भत्त्याची एक अट अशी की एकट्या व्यक्तीजवळ मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरहून आणि जोडप्याजवळ ३,००० डॉलरहून अधिक असता कामा नये. हे आकडे १९८९ पासून बदललेले नाहीत. अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला टाकणे हेच तेथे संकट ठरते. त्यावर उपाय म्हणून २०१४ साली ‘एबल’ नावाच्या बचत खात्यांचा कायदा झाला. या खात्यातील पहिले १ लाख डॉलर भत्त्यासाठीच्या मालमत्तेत धरत नाहीत. वयाच्या २६ वर्षांपूर्वी अपंगत्व आलेल्यांनाच ते उघडता येत असे. १ जानेवारी २०२६ पासून ही मर्यादा ४६ वर्षे झाली आहे. अशा नियमांवर काम करणाऱ्याचा हेतू कोणाचे कल्याण करण्याचा नसून माणसाला स्वतःचा पैसा स्वतः साठवता व खर्चता यावा, हा असतो.

‘सुस्थिती’ हा दुसरा पर्याय आहे, पण सुस्थितीतले घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर, आणि अशा घरातही कर्जाच्या घोराने रात्र रात्र जागणारी माणसे असतात. अमेरिकेतील ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने २०१५ साली या संज्ञेची जी फोड केली, तिचा आशय असा की चालू देणी भागवता यावीत, पुढच्या दिवसांची धास्ती नसावी, आणि जगण्याचा आनंद घेता येईल अशी निवड करण्याची मोकळीक असावी. यासाठी मराठीत ‘स्वास्थ्य’ हा शब्द तयारच आहे. हिंदीत त्याचा अर्थ आरोग्य, आणि हिंदीच्या सहवासाने आपणही तो अर्थ अधूनमधून उचलतो. पण ‘जिवाला स्वास्थ्य नाही’ म्हणणाऱ्या आजीचा ताप पाहायला कोणी धावत नाही. स्वास्थ्य म्हणजे निवांतपणा, घोर नसणे. ‘वित्तीय’ हे विशेषण संस्थांना आणि तुटीला शोभते; माणसाच्या बाबतीत ‘आर्थिक’ बरे.

‘अपंगांच्या’ या शब्दाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘दिव्यांग’ ही आपल्याकडील शासकीय संज्ञा आहे, अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचे मराठी नावही तिनेच घेतले जाते, आणि महाराष्ट्रातील सूचना असती तर मी तीच वापरली असती. अमेरिकेच्या संदर्भात ती आगंतुक वाटते. मूळ इंग्रजीत व्यक्ती आधी आणि अपंगत्व नंतर असा क्रम हेतुतः ठेवलेला आहे, तो मराठीत ‘अपंगत्व असलेल्या व्यक्ती’ असे म्हटल्याने बराचसा राखता येतो. लांबते खरे, पण मथळ्यात दोन शब्द वाढले तर बिघडत नाही.

तेव्हा नेमणूक पगारी आहे असे कळल्यास मथळा असा करावा: ‘अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या आर्थिक स्वास्थ्यासाठी सवेतन धोरण-फेलोशिप’. त्याखालच्या पहिल्याच ओळीत वेतनाचा आकडा, ते महिन्याचे की वर्षाचे हे, आणि करापूर्वीचे की नंतरचे हेही लिहावे, कारण ज्यांना भत्त्याचा हिशेब करायचा आहे ते वाचक मथळ्यावरून थेट तेथेच जातील.