दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे दिसतात. सासूबाई म्हणतात, हे दात पडणारच आहेत. काय करू?

उत्तर : पट्टे वेळेवर दिसले, फार बरं झालं. माझ्याकडे बहुतेक मुलं दात तपकिरी झाल्यावरच येतात. खडूसारखा पांढरा पट्टा ही किडीची पहिली खूण. दातातली खनिजं झिरपू लागलीत, पण खड्डा पडलेला नाही. इथे कीड थोपवता येते, म्हणून याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवा. बहुधा ते फ्लोराइडचा लेप लावतील.

बाटली मात्र आजच थांबवा. झोपेत लाळ कमी होते, दूध दातांवर तसंच राहतं आणि त्यातल्या साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात. दूध आधी पाजा, मग दात घासा, नंतर फक्त पाणी. दोन-चार रात्री ती रडेल. जवळ घ्या, थोपटा, पण बाटली देऊ नका.

घासताना तिचं डोकं मांडीवर घ्या आणि वरचा ओठ बोटाने उचला, कारण कीड तिथेच लपते. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. सकाळी एकदा, रात्री एकदा.

सासूबाईंना सांगा, पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत टिकायचे असतात आणि दुधाच्या दाढा तर १०-१२ वर्षांपर्यंत. दाढ ठणकणारं मूल धड जेवत नाही, रात्रभर कुशी बदलत राहतं. हे मी रोज बघते.