वाचक विचारतात : रस्त्याला फौजींचं नाव द्यायचंय, पण कोणाचं?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं गाव सातारा जिल्ह्यात, आळीत दोन-तीन घरांमागे एक फौजी आहेच. स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत नवीन काँक्रीटचा रस्ता झालाय, त्याला माजी सैनिकाचं नाव द्यायचं म्हटल्यावर सगळे हो म्हणाले आणि नाव कोणाचं यावरनं भावकीत लागली. एक म्हणतात 71 ची लढाई लढलेल्या आमच्या आजोबांचं द्या, दुसरे म्हणतात आमचे नाना सुभेदार मेजर होऊन आले, रँक त्यांचीच मोठी. ग्रुपवर तर बोलायची सोय राहिली नाही. काय करावं, परवानगी कोणाची लागते?

उत्तर : अहो, आपल्याकडे शिपाई म्हणून रिटायर झाला तरी गाव त्याला मेजरच म्हणतं, तिथे रँकवरून भांडताय होय! नाना हयात असतील तर त्यांचं नाव आत्ता नकोच, हयात माणसाचं नाव रस्त्याला सहसा देत नाहीत आणि तेच बरं. माझं ऐकाल तर रस्ता 'सैनिक मार्ग' करा आणि स्टँडच्या टोकाला एक दगड बसवा, त्यावर गावातल्या प्रत्येक फौजीचं नाव, रेजिमेंट, भरती आणि रिटायरमेंटचं साल, आणि खाली भरपूर जागा मोकळी, कारण पोरं अजून भरती होतायत ना.

नावं लिहाच, नुसता आकडा नको. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव दगडी पाट्या बसवल्या, या गावातून 1914-1919 च्या युद्धाला इतके गेले, पैकी इतके मेले, बास. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे 46 जवान त्या युद्धात मेले, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातली चार नावं सांगा म्हटलं की विचार करावा लागतो.

तरीही एकच नाव हवं असेल तर ज्याचं काम सगळ्या गावाला सांगता येईल असं निवडा. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे बघा, एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं काढत काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, वरून गोळीबार चालूच होता, परमवीर चक्र मिळालं ते यासाठी. रस्त्याला नाव द्यायला यापेक्षा शोभणारा माणूस मला तरी सुचत नाही.

परवानगीचं म्हणाल तर आधी रस्ता कोणाचा ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. गावातला अंतर्गत रस्ता असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, सूचक-अनुमोदकासह लेखी, आणि इतिवृत्ताची नक्कल तेव्हाच मागून ठेवा, नंतर वही सापडत नाही. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो झेडपीच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर पीडब्ल्यूडीकडे, तिथे तुमचा ठराव म्हणजे फक्त मागणी, त्यांचं पत्र येईपर्यंत बोर्ड ठोकू नका. आणि दगडावरची माहिती फौजीचं डिस्चार्ज बुक (रिटायर होताना मिळतं ते) बघूनच भरा, ऐकीव नको, अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

प्रश्न : नाव बदललं की आधार, लाईट बिल सगळं बदलावं लागेल का? आईला याचंच टेन्शन आलंय.

उत्तर : आईंना सांगा, निवांत राहा. घर तेच, गाव तेच, पिन कोड तोच. पुढे कधी कागद अपडेट करायला गेलात तर तेव्हा नवीन नाव घाला. पोस्टमनला मात्र एकदा सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या वस्तीला अजून जातीचं नाव आहे, नगरपालिकेच्या कागदावरही तेच. आमचे पणजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, त्यांचं नाव वस्तीच्या रस्त्याला मागता येईल का? काही जण म्हणतात एका घराचं नाव कशाला.

उत्तर : मागा ना, बिनधास्त मागा. वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्येच घेतलाय, अर्जात त्याचा उल्लेख करा म्हणजे टेबलवरचा माणूस परत पाठवणार नाही. (रेजिमेंटचं नाव मात्र सैन्याने 1941 पासून तेच ठेवलंय आणि तिथले जवान ते छाती काढून सांगतात, हे कोणी वाकडं बोललं तर ऐकवा.) दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, वस्तीचं नाव सगळ्यांनी मिळून ठरवा, रस्त्याला पणजोबांचं सुचवा. अर्जावर शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि 'एका घराचं नाव' म्हणणाऱ्यांची सही पहिली घ्या, त्यांच्याकडे स्वतः चहाला जाऊन. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्यायची, विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर कधी येतोय ते नगरसेवकाकडून काढायचं आणि त्या दिवशी चार-पाच जणांनी हजर राहायचं, बाकी काही नाही.