सॉफ्टवेअर सिंथमध्ये कोणाचा प्रीसेट ब्राउझर सर्वांत चांगला?

तुमचा प्रश्न असा: सर्ज एक्सटी आणि व्हायटल ही दोन फुकट मिळणारी सिंथ (कॉम्प्युटरवर साउंड तयार करणारी वाद्यं) तुम्ही वापरता, काम भावगीतांच्या अरेंजमेंटचं आणि नाटकांच्या पार्श्वसंगीताचं आहे, आणि एक पॅड (गाण्यामागे धरून ठेवायचा लांब, मऊ साउंड) निवडण्यात अख्खी संध्याकाळ जाते. आता विकतच्या सिंथपैकी डिव्हा, पिगमेंट्स की ओम्निस्फिअर घ्यावं, आणि यांत कोणाचा ब्राउझर, म्हणजे तयार साउंड (प्रीसेट) शोधायची खिडकी, हा वेळ वाचवेल?

बहुतेक जण ब्राउझर जोखताना शोधपट्टी आणि टॅग बघतात. मी आधी एक वेगळीच गोष्ट बघतो: नको असलेला साउंड किती पटकन बाजूला सारता येतो आणि तो पुन्हा समोर येऊ नये याची काही सोय आहे का. आपली संध्याकाळ जाते ती नाकारण्यात. हवा तो पॅड सापडला की दोन सेकंदांत कळतं. त्याआधीचे पन्नास ऐकायचे, टाकायचे, आणि पुढच्या गाण्याला तेच पन्नास परत ऐकायचे, खरा खर्च तिथे आहे.

हा प्रश्न मुळात मेमरी वाढल्यामुळे आला. 1978 च्या प्रॉफेट-5 या सिंथमध्ये 40 साउंड साठवता येत होते, 1983 च्या डीएक्स7 मध्ये 32, आणि नावाला जागा दहा अक्षरांची. एवढे साउंड वादकाला तोंडपाठ असत, शोधायचं काय त्यात? ओम्निस्फिअरच्या दुसऱ्या आवृत्तीतच 14,000 हून अधिक साउंड होते. पण नावं ठेवायची रीत बरीचशी जुनीच राहिली. सीरम या सॉफ्टवेअर सिंथचे प्रीसेट उघडून बघा: नावाच्या सुरुवातीला बीए असेल तर बेस, एलडी असेल तर लीड (मुख्य सुरावट वाजवायचा साउंड), पीडी असेल तर पॅड. यादी अक्षरांप्रमाणे लागते, त्यामुळे एका जातीचे साउंड आपोआप एकत्र येतात. साधी युक्ती आहे, आणि तुमच्या स्वतःच्या बँकेसाठी, म्हणजे प्रीसेटच्या संचासाठी, ती आजही वापरण्यासारखी आहे.

आता डिव्हा. बर्लिनच्या यू-ही कंपनीच्या सगळ्याच सिंथचा ब्राउझर साधारण सारखा असतो आणि माझ्या मते तो या तिघांत सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. दिसायला अगदी साधा: डावीकडे फोल्डर, मधे प्रीसेटची यादी, उजवीकडे त्या प्रीसेटची माहिती. त्यातली जंक ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. प्रीसेटवर राइट-क्लिक करायचं आणि त्याला जंक म्हणून खूण करायची. तो डिलीट होत नाही, फक्त यादीतून दिसेनासा होतो. उद्या एखाद्या थरारनाटकाला तोच कर्कश साउंड हवा झाला तर जंक दाखवा म्हणायचं, सगळे परत दिसतात. म्हणजे नाकारण्याचं काम एकदाच करायचं आणि ते कायम टिकतं. दोनतीन महिने नेमाने जंक करत गेलात की फॅक्टरी लायब्ररी तुमच्या कामाच्या आकाराची होते. फेव्हरिटच्याही आठ वेगवेगळ्या खुणा आहेत, त्यामुळे एक खूण भावगीतांसाठी, एक नाटकांसाठी असं वाटून घेता येतं.

यू-हीचे टॅगही नीट पाहा. साउंडचा स्वभाव तिथे विरुद्ध जोड्यांत दिलेला असतो, ब्राइट किंवा डार्क, क्लीन किंवा डर्टी. जोडीतलं एकच लावता येतं. त्यामुळे सगळंच सगळ्याला चिकटवण्याचा मोह होत नाही आणि डार्क म्हटल्यावर खरोखर डार्कच साउंड येतात. शोधपट्टी नावाबरोबर लेखकाचं नाव आणि वर्णनही चाळते. एखाद्या साउंड डिझायनरचे दोन पॅड आवडले तर त्याचं नाव टाकून बाकीचे ऐका, मला टॅगपेक्षा हा रस्ता जास्त वेळा फळला आहे.

एक गोष्ट मात्र कुठलाच ब्राउझर तुमच्यासाठी सांभाळत नाही, ती म्हणजे आवाजाची पातळी. एक प्रीसेट मोठ्याने वाजतो, दुसरा हळू, आणि मोठ्याने वाजणारा कानाला चांगलाच वाटतो. त्यात भर रिव्हर्बची, म्हणजे घुमाऱ्याची. एकटा ऐकताना पसरट, भारदस्त वाटणारा पॅड गाण्यात टाकला की गायिकेचे शब्द गिळतो. म्हणून ब्राउझर उघडण्याआधी गाण्यातले चार आवर्तनांचे कॉर्ड मिडीत (सुरांच्या डिजिटल नोंदीत) लूपवर लावा, वर तबला आणि गाणं चालू ठेवा. काळी चारमध्ये गाणारी बाई असेल तर कॉर्डही त्याच पट्टीत, त्याच सप्तकात. प्रीसेट बदलत जायचं ते हे सगळं वाजत असताना. यू-हीच्या सिंथमध्ये नॉबवर राइट-क्लिक करून तो लॉक करता येतो, मग प्रीसेट बदलला तरी तो नॉब जागचा हलत नाही. रिव्हर्बचा मिक्स एकदा कमी करून लॉक केला की प्रत्येक साउंड त्याच कोरडेपणात ऐकू येतो आणि तुलना खरी होते.

ओम्निस्फिअरमध्ये याच विचाराची साउंड लॉक नावाची सोय आहे आणि ती आणखी पुढे जाते. आर्पेजिएटर (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणारी सोय) किंवा इफेक्ट धरून ठेवायचा आणि त्याखालचा साउंड बदलत राहायचा. शोध चालू असतानाच नवीन काहीतरी तयार होत असतं, त्यामुळे तो वेळ वाया गेला असं वाटत नाही. तिथली साउंड मॅच ही सोय हातातल्या साउंडशी जवळचे साउंड काढून देते. दिग्दर्शक म्हणतो, हेच, पण जरा मऊ, तेव्हा ती फार उपयोगी पडते. एवढ्या मोठ्या लायब्ररीत वर्गवारीचे रकाने लावत लावत यादी आक्रसत नेता येते, पहिल्या रकान्यात निवडलं की पुढचा तेवढ्यापुरताच उरतो. पण मोठे सॅम्पलवाले (रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर बेतलेले) प्रीसेट लोड व्हायला थांबावं लागतं, आणि नाकारण्यासाठी थांबणं हे मला सर्वांत जाचक वाटतं.

या थांबण्यावर नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने आपल्या कम्प्लीट कंट्रोल या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा तोडगा काढला: प्रीसेट लोड न करताच त्याची रेकॉर्ड केलेली छोटी क्लिप ऐकू येते. वेग जबरदस्त आहे. पण ती क्लिप तुमचे कॉर्ड वाजवत नाही, तिच्या बनवणाऱ्याचे वाजवते. ढोबळ चाळणीला ठीक, शेवटच्या निवडीला नाही.

पिगमेंट्सचा ब्राउझर या सगळ्यांत दिसायला सर्वांत प्रसन्न आहे. प्रकार, शैली, बँक, डिझायनर असं गाळत जायचं, आवडलं की बदामावर क्लिक. मॅक्रोचे नॉब (एका फिरवण्यात साउंडच्या अनेक गोष्टी बदलणारे) ब्राउझरमध्येच दिसतात, हे मला विशेष आवडतं. पॅड नव्वद टक्के बरोबर आहे, फक्त थोडा चमकतोय, असं असेल तर तिथल्या तिथे मॅक्रो फिरवून बघता येतो, बाहेर पडून फिल्टर हुडकावा लागत नाही. प्लेलिस्टची सोयही तुमच्या उपयोगाची आहे: नाटकाच्या प्रवेशांप्रमाणे प्रीसेट ओळीने लावून ठेवा, तालमीत दिग्दर्शकाने मागचा प्रवेश घ्या म्हटलं तरी धांदल होत नाही.

आणि तुमच्याकडे आहेत त्यांचं काय? व्हायटलचा ब्राउझर नीटनेटका आहे: फोल्डर, प्रकार, शोध, चांदणी. फुकट आवृत्तीत प्रीसेटच 75 आहेत, त्यामुळे तिथे तुमचा वेळ ब्राउझरमुळे जात नाही, बाहेरून उतरवलेल्या बँकांच्या ढिगामुळे जातो. ढीग कमी करा. सर्ज एक्सटीमध्ये मात्र हजारो पॅच आहेत आणि त्याचे मेन्यू एकातून एक उघडत जातात. त्या मेन्यूत माऊस घेऊन फिरू नका. नावाशेजारच्या भिंगावर क्लिक करा आणि टाईप करायला लागा, अक्षरागणिक यादी लहान होत जाते. तिथेही बदाम आहे, तो सढळ हाताने वापरा.

टॅगांबद्दल तुम्हाला एक सावधगिरी सांगायला हवी, कारण तुमचं काम मराठी गाण्याचं आहे. हे सगळे प्रकार क्लब संगीत, चित्रपटाचं पार्श्वसंगीत, पॉप यांच्या हिशोबाने केलेले आहेत. पेटीच्या मागे न भांडता बसणारा पॅड, स्वरमंडळासारखा सांडत जाणारा प्लक (तार छेडल्यासारखा साउंड), तानपुऱ्याखाली धरायचा खर्ज, असे कप्पे तुम्हाला कुठेच तयार मिळणार नाहीत. ते तुम्हीच करायचे. यूजर फोल्डरमध्ये कामाच्या नावाने फोल्डर करा आणि एखादा प्रीसेट गाण्यात बसला की त्याच क्षणी, तुम्ही केलेल्या बदलांसकट, तिथे सेव्ह करा. गाणं संपल्यावर करू म्हटलं की राहून जातं.

मला खुपणारी गोष्ट अशी की या खुणा ज्या त्या सिंथमध्येच अडकून राहतात. डिव्हातलं फेव्हरिट पिगमेंट्सला माहीत नसतं. 2022 मध्ये बिटविग ही संगीत सॉफ्टवेअरची कंपनी आणि यू-ही यांनी मिळून आणलेल्या क्लॅप या प्लगइन फॉरमॅटमध्ये सिंथचे प्रीसेट होस्टच्या (सिंथ ज्यात चालते त्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या) ब्राउझरला दाखवण्याची तरतूद आहे, आणि ती सगळ्यांनी मनावर घ्यावी असं फार वाटतं. तोवर प्रत्येक सिंथमध्ये फोल्डरची नावं तीच ठेवा.

तुमच्या कामासाठी मी डिव्हा किंवा पिगमेंट्स यांतून निवडेन. गाण्यांचं काम जास्त असेल तर डिव्हा, नाटकांचं जास्त असेल तर पिगमेंट्स. ओम्निस्फिअर सुंदर आहे, पण त्याचा डेमो मिळत नाही आणि तुमची अडचण साउंड कमी असण्याची नाहीच. डिव्हाचा डेमो उतरवा, मधूनमधून तो करकरतो तिकडे दुर्लक्ष करा. वर सांगितलेला लूप लावून फक्त पॅडचा फोल्डर घ्या आणि ऐकताना आवडलेल्याला खूण करण्याऐवजी नको त्याला जंक करत जा. दुसऱ्या दिवशी तोच फोल्डर उघडलात आणि उरलेली यादी कामाची वाटली, तर तेच घ्या.