पाहुण्यांनी बुकिंग रद्द केलं. किती पैसे ठेवून घेता येतील?

प्रश्न: माझं एक घर मी सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्याने देते. एका कुटुंबाने चार रात्रींचं बुकिंग करून पूर्ण भाडं आणि डिपॉझिट आगाऊ भरलं. यायच्या १९ दिवस आधी, आईच्या शस्त्रक्रियेचं कारण सांगून त्यांनी बुकिंग रद्द केलं. ‘कोणत्याही कारणास्तव रिफंड मिळणार नाही’ असं आमच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं असल्यामुळे मी काहीच परत केलं नाही. पुढे त्या चारपैकी दोन रात्री दुसऱ्या पाहुण्यांना त्याच दराने गेल्या. आता सगळी रक्कम १५ दिवसांत परत करा, अशी वकिलाची नोटीस आली आहे. पैसे द्यावे लागतील का? आणि पुढे कोणती कॅन्सलेशन पॉलिसी ठेवू?

उत्तर: तुम्ही पाठवलेले व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट मी नीट पाहिले. या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या मेसेजच्या वेळांमध्ये आहे. पैसे जमा झाले संध्याकाळी ६.१२ ला. ‘बुकिंग कन्फर्म’ हा तुमचा मेसेज ६.१५ चा. नियमांची पीडीएफ गेली रात्री ९.४० ला, आणि तिच्याखाली समोरून साधा अंगठाही आलेला नाही. करार सव्वासहालाच झाला होता. पैसे घेऊन झाल्यावर साडेतीन तासांनी पाठवलेली अट समोरच्याने मान्य केल्याशिवाय त्या कराराचा भाग होत नाही. त्यामुळे ‘नियमांत स्पष्ट लिहिलं आहे’ हा तुमचा मुख्य मुद्दा पहिल्याच सुनावणीत लंगडा पडेल.

समजा, ती पीडीएफ पैसे घेण्याआधीच गेली असती. तरीही पूर्ण रक्कम ठेवून घेणं तुम्हाला जड गेलं असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती ‘वाजवी भरपाई’. लिहिलेली रक्कम ही फक्त तिची कमाल मर्यादा. आधीच भरून घेतलेले पैसे जप्त करण्यालाही हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने फतेह चंद प्रकरणात १९६३ मध्येच सांगितलं. २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स निकालात तर न्यायालय आणखी स्पष्ट बोललं: नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान मोजता येण्याजोगं असेल तर ते दाखवावं लागेल. रिकामी गेलेली रात्र तर अगदी सहज मोजता येते.

म्हणून तुमचा हिशेब असा. दोन रात्री पुन्हा भाड्याने गेल्या, त्यांचं भाडं दोघांकडून घेता येणार नाही. ते परत करा. उरलेल्या दोन रात्री रिकाम्या गेल्या, हे तुमचं खरं नुकसान आहे. पाहुणे आलेच नाहीत म्हणून जी साफसफाई, धुलाई, वीज वाचली, ती त्यातून वजा करा. उरते ती रक्कम तुम्ही हक्काने मागू शकता, कारण पॉलिसी कराराचा भाग नसली तरी करार मोडल्याची भरपाई कलम ७३ खाली मिळतेच. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार नुकसान टाळायला तुमच्या हातात काय उपाय होते, हेही पाहिलं जातं. बुकिंग रद्द झाल्याबरोबर तुम्ही त्या तारखा कॅलेंडरवर खुल्या केल्याची नोंद असेल तर ती आजच जपून ठेवा. ते दोन दिवस घर रिकामं राहिलं ते तुमच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, हे दाखवायला ती नोंद उपयोगी पडेल.

शस्त्रक्रियेचं काय? कलम ५६ मध्ये करार पार पाडणंच अशक्य झालं तर तो संपतो, आणि कलम ६५ नुसार घेतलेलं परत द्यावं लागतं. पूर आला, रस्ता बंद झाला, सरकारने प्रवेशबंदी केली तर पाहुणे या कलमांवर बोट ठेवू शकतात. घरातलं आजारपण त्यात बसत नाही, घर तर उघडंच होतं. कायदा या मुद्द्यावर तुमच्या बाजूने आहे. तरी मला मनापासून वाटतं, आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना ज्याने १९ दिवस आधी प्रामाणिकपणे कळवलं, त्याच्याशी शेवटच्या रुपयापर्यंत भांडू नये. व्यवहार म्हणूनही ते परवडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ते स्वतः राहतात त्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतात. दोन रात्रींच्या भाड्यासाठी परक्या जिल्ह्यात तारखांना जायचं का, याचा विचार करा. शिवाय झालेल्या नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लावणारा करार हा याच कायद्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ ठरतो, आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं.

आता पुढच्यासाठी. कडक ठेवू की सैल, या प्रश्नाने सुरुवात करू नका. आधी मागच्या वर्षभराची बुकिंगची वही उघडा आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहा, पाहुण्यांनी किती दिवस आधी बुकिंग केलं. समजा, बहुतेक बुकिंग दहा-बारा दिवस आधी येतात. मग पंधरा दिवस आधी रद्द झालेली तारीख तुमच्याकडे पुन्हा भरतेच, आणि तोपर्यंत पूर्ण रिफंड देण्यात तुमचं काही जात नाही. उलट महिना-दीड महिना आधी भरणाऱ्या हंगामात तीच तारीख पंधरा दिवसांवर रद्द झाली तर रिकामी जाईल. तिथे मुदत लांब ठेवणं वाजवी आहे. हंगाम आणि बिगरहंगाम यांना एकच पॉलिसी लावणं ही मला वारंवार दिसणारी चूक. आणि उद्या कोणी आयोगात विचारलं की ‘हीच मुदत का?’, तर ती वही पुरावा म्हणून पुढे ठेवता येते.

तुमच्या वर्णनावरून मी साधारण अशी अट सुचवेन: “प्रवेशाच्या दिवशी दुपारी २ वाजल्यापासून मागे मोजून १४ दिवसांपूर्वी रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. १४ ते ५ दिवसांत रद्द केल्यास निम्मं भाडं परत. त्यानंतर भाडं परत नाही. परंतु त्या तारखा पुन्हा भाड्याने गेल्यास मिळालेल्या भाड्याइतकी रक्कम परत केली जाईल. डिपॉझिट सर्व प्रसंगी पूर्ण परत. घरमालकाने बुकिंग रद्द केल्यास पूर्ण रक्कम आणि एका रात्रीच्या भाड्याइतकी भरपाई.” हंगामात १४ च्या जागी ३० घाला. ‘दुपारी २’ हे शब्द गाळू नका. ‘पाच दिवस आधी’ म्हणजे नेमकं कधी, यावरूनच निम्मी भांडणं होतात.

या अटीतलं शेवटचं वाक्य, घरमालकाने भरपाई देण्याचं, वाचून तुम्ही थबकाल, पण ते हवंच. ई-कॉमर्स नियम, २०२० मधल्या नियम ४ नुसार, स्वतःच्या वेबसाइटवरून विक्री करणाऱ्याने ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घ्यायचं तर स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क सोसलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर बुकिंग घेत असलात तरी दोन्ही बाजूंना लागू असलेली अट न्यायाधीशांसमोर कितीतरी जास्त टिकते.

पूर्ण भाडं आधी घेण्यापेक्षा थोडा विसार घ्या. वाजवी विसार जप्त करणं म्हणजे दंड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मौला बक्ष प्रकरणात मान्य केलं आहे. मात्र शंभर टक्के रकमेला ‘विसार’ म्हटल्याने ती विसार होत नाही. ज्यांना स्वस्त हवं त्यांच्यासाठी कमी दराचा विनारिफंड पर्याय वेगळा ठेवता येईल. दोन्ही दर शेजारी-शेजारी दाखवून पाहुण्याला निवडू दिलंत तर तुमची बाजू बळकट होते. ऑनलाइन बुकिंगच्या प्लॅटफॉर्मवरून आलेल्या बुकिंगला मात्र तिथे निवडलेली पॉलिसीच लागू राहते, वर स्वतःची वेगळी अट चिकटवू नका.

जीएसटी नोंदणी असेल तर ठेवून घेतलेल्या रकमेवरही मूळ सेवेच्याच दराने कर लागतो, असं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक सांगतं. लेखापालाला विचारून घ्या.

क्रमही बदला: आधी अटी, मग त्यांचं ‘मान्य आहे’ हे उत्तर, मग पैसे.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. दोन रात्रींचं भाडं आणि वाचलेला खर्च परत करत आहोत, उरलेली रक्कम नुकसानभरपाई म्हणून ठेवत आहोत, आणि हे सगळं आमचे हक्क अबाधित ठेवून, असं त्यात मांडा. त्यांनी मधला आकडा सुचवला तर स्वीकारा आणि ‘पूर्ण व अंतिम’ अशी पोच घ्या. डिपॉझिटसाठी मात्र उत्तर तयार होईपर्यंत थांबू नका. ते लोक घरात पाऊलही टाकू शकले नाहीत, त्यामुळे ती रक्कम ठेवायला काहीच आधार नाही. ती आजच, वेगळ्या व्यवहाराने पाठवा.